मागची घसरगुंडी धूसर होते, पण जात का नाही?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. सहा जणांच्या कुटुंबाचे छायाचित्र एका सार्वजनिक बागेत काढायचे होते. हाताशी फुल-फ्रेम कॅमेरा आणि ५० मिलिमीटरची एफ १.८ लेन्स होती. मागे लाल घसरगुंडी, रांगेने उभ्या असलेल्या गाड्या आणि सतत ये-जा करणारी माणसे होती, म्हणून तुम्ही ॲपर्चर, म्हणजे लेन्सचे प्रकाश आत घेणारे छिद्र, पूर्ण उघडले. घरी येऊन संगणकावर पाहिले, तर दुसऱ्या ओळीत उभे असलेले आजोबा धूसर झाले होते आणि घसरगुंडी मात्र होती तिथेच, होती तेवढीच लाल. आता ८५ मिलिमीटरची एफ १.४ लेन्स घेतली तर हा त्रास संपेल का, असे तुम्ही विचारले आहे.

कुटुंबांची छायाचित्रे मोकळ्यावर काढण्याचे काम मी बरीच वर्षे करतो आहे, आणि माझे उत्तर ‘नाही’ असे आहे. ती लेन्स चांगलीच असते, परंतु तुमची अडचण धूसरपणा कमी पडल्याची नाही. पाहणाऱ्याची नजर चेहऱ्यांवरून उठून मागे कुठे आणि कशामुळे जाते, हा खरा प्रश्न आहे. चेहऱ्यांपेक्षा जास्त उजळ असलेली कोणतीही जागा, भडक रंगाचा एकटा तुकडा, अक्षरे, अनोळखी माणसाचा कॅमेऱ्याकडे वळलेला चेहरा आणि कुणाच्या तरी डोक्यात शिरणारी उभी किंवा आडवी रेघ, एवढ्या पाच गोष्टी माझ्या अनुभवात नजर खेचतात. यांपैकी धूसरपणाने खरोखर बोथट होतात ती फक्त अक्षरे आणि चेहरा, आणि तीही पुरेशा अंतरावर असतील तरच. उजळपणा आणि रंग धूसर केल्याने जात नाहीत, उलट थोडे पसरतात.

हे हिशेबाने पाहिले तर अधिक स्पष्ट होईल. लेन्सच्या उघड्या तोंडाचा व्यास म्हणजे फोकल लेन्थ (लेन्सवर मिलिमीटरमध्ये लिहिलेला आकडा) भागिले एफ-क्रमांक. तुमच्या लेन्सचा पूर्ण उघड्या अवस्थेतला व्यास ५० भागिले १.८, म्हणजे सुमारे २८ मिलिमीटर. खूप दूरच्या एका बिंदूचा छायाचित्रात जो धूसर ठिपका होतो, तो कुटुंब उभे आहे त्या जागी पट्टी धरून मोजला असे मानले, तर तो साधारण या व्यासाएवढाच भरतो. वस्तू तितकी दूर नसेल तर ठिपका त्या प्रमाणात लहान होतो, आणि ते प्रमाण म्हणजे कुटुंबामागचे अंतर भागिले कॅमेऱ्यापासून त्या वस्तूपर्यंतचे एकूण अंतर. समजा तुम्ही कुटुंबापासून ४ मीटरवर होता आणि घसरगुंडी कुटुंबाच्या १८ मीटर मागे होती. मग ठिपका २८ गुणिले १८ भागिले २२, म्हणजे सुमारे २३ मिलिमीटर झाला. आता ३ मीटर उंचीची घसरगुंडी त्या अंतरावरून कुटुंबाच्या शेजारी सुमारे ५५ सेंटिमीटर उंच दिसते. सव्वा हात उंचीच्या लाल आकाराच्या कडा सव्वादोन सेंटिमीटरने विरघळल्या, एवढेच पूर्ण उघड्या ॲपर्चरने साधले. घसरगुंडी ओळखू येणारच होती.

आता तीच चौकट ८५ मिलिमीटर आणि एफ १.४ ने घेऊन पाहू. सहा जण चौकटीत तेवढेच दिसावेत म्हणून तुम्हाला सुमारे ७ मीटरपर्यंत मागे यावे लागेल. धूसर ठिपका जवळजवळ ४४ मिलिमीटर होईल, म्हणजे आधीच्या दुपटीच्या आसपास. पण मागे आल्यामुळे घसरगुंडीही कुटुंबाच्या तुलनेत मोठी दिसू लागेल, ५५ ऐवजी ८४ सेंटिमीटर. आधी ठिपका घसरगुंडीच्या उंचीच्या ४ टक्के होता, आता तो ५ टक्के होईल. एवढ्या फरकासाठी लेन्सचा खर्च आणि वजन पत्करण्यात अर्थ नाही. शिवाय फोकसमधील खोली, म्हणजे पुढे-मागे जेवढ्या अंतरात सगळे स्पष्ट दिसते ते अंतर, ७० सेंटिमीटरवरून ५७ सेंटिमीटरवर येईल आणि आजोबा आहेत त्याहून अधिक धूसर होतील.

मी नवीन असताना नेमकी हीच चूक केली होती. एका कुटुंबामागे रस्त्याच्या कामाचा नारिंगी अडथळा उभा होता. तो हलवता आला असता, निदान मला चार पावले बाजूला सरकता आले असते, पण एफ २ वर तो ‘विरघळून जाईल’ अशा भरवशावर मी काम आटोपले. छापून आलेल्या छायाचित्रात आई आणि मुलीच्या चेहऱ्यांच्या मधोमध एक नारिंगी गोळा तरंगत होता. अडथळा स्पष्ट दिसला असता तर पाहणाऱ्याने तो ओळखून सोडून तरी दिला असता. ते काय आहे हेच कळत नसल्याने प्रत्येकाचे पहिले बोट त्यावर गेले. अर्धवट धूसर वस्तू स्पष्ट वस्तूपेक्षा जास्त खुपू शकते, हे मला त्या दिवशी समजले.

पुढे जे सांगतो आहे, त्यातले किती तुम्हाला लागू पडेल हे काही बाबींवर अवलंबून आहे. जागा तुम्ही निवडणार की कुटुंब, वेळ बदलता येते की नाही, दोन वर्षांचे मूल सोबत आहे की सगळे मोठे आहेत आणि कुणाला फार चालता येत नाही का, हे मी आधी विचारून घेतो. आजोबांना गुडघ्यांचा त्रास असेल तर बागेच्या दुसऱ्या टोकाची सुंदर सावली माझ्या उपयोगाची नसते. मग आहे त्याच ठिकाणी मी स्वतः फिरतो. सुदैवाने बहुतेक उपाय छायाचित्रकाराने हलण्याचेच आहेत.

सर्वांत आधी मी प्रकाश पाहतो, कारण पार्श्वभूमी शांत करण्याचे सर्वांत मोठे साधन तेच आहे. कुटुंबाच्या चेहऱ्यांवर मागच्या भागापेक्षा जास्त प्रकाश असेल, तर मागे काय आहे याला फारसे महत्त्व उरत नाही. मागचा भाग चेहऱ्यांपेक्षा निदान एक स्टॉप (म्हणजे निम्म्या प्रकाशाने), आणि जमल्यास दीड ते दोन स्टॉप काळोखा असावा, असा माझा प्रयत्न असतो. दोन स्टॉप म्हणजे एक चतुर्थांश प्रकाश. तेवढ्यात गर्द झाडीतले बाकडे, कचरापेटी, कुंपणाची जाळी यांचा जोर निघून जातो. हे अंदाजावर सोडू नका. कॅमेरा स्पॉट मीटरिंगवर, म्हणजे चौकटीतल्या एका लहान जागेचाच प्रकाश मोजण्यावर ठेवा, एकदा चेहऱ्याचे आणि एकदा मागच्या भागाचे मोजमाप घ्या आणि दोन आकड्यांतला फरक पाहा.

नवशिक्यांकडून बहुधा याच्या उलट घडते. ऊन डोळ्यांवर येऊ नये म्हणून कुटुंबाला झाडाच्या सावलीत उभे करतात, ते योग्यच आहे. पण मागे उन्हात न्हालेली हिरवळ येते. भर उन्हात आणि मोकळ्या सावलीत सहज ३ ते ४ स्टॉपचा फरक असतो. चेहरे नीट उजळले की हिरवळ पांढरी फटक होते आणि हिरवळीवरची प्रत्येक वस्तू त्या पांढऱ्यावर कोरल्यासारखी उठून दिसते. अशा वेळी मी कुटुंबाला तिथेच थांबवतो, त्यांच्याभोवती अर्धा फेरा मारून पलीकडे जातो आणि त्यांना माझ्याकडे वळायला सांगतो. आता उजेडाची मोकळी बाजू माझ्या पाठीशी येते, चेहऱ्यांवर मऊ प्रकाश पडतो आणि मागे सावलीचा आतला, काळोखा भाग येतो. कुटुंब सावलीच्या अगदी कडेला, पण सावलीतच उभे असावे. एक मीटर आत सरकले तरी चेहऱ्यांवरचा उजेड उतरलेला दिसतो, आणि एक पाऊल बाहेर पडले तर कपाळावर उन्हाचा पट्टा येतो. ही कड कुठे आहे ते मी स्वतःचा तळहात चेहऱ्याच्या उंचीवर धरून, हळूहळू पुढे नेत पाहतो. हातावरचा प्रकाश जिथे भरतो पण ऊन लागत नाही, तिथे पहिल्या ओळीचे पाय.

सूर्य उतरतीला असताना दुसरा मार्ग खुला होतो. सूर्य कुटुंबाच्या मागे, थोडा बाजूला घेतला तर मागच्या झाडांची आपल्याकडची बाजू सावलीतच असते, म्हणून ती आपोआप काळोखी दिसतात, आणि केसांवर व खांद्यांवर पडलेली उजेडाची कड माणसांना पार्श्वभूमीपासून वेगळे करते. काळे केस आणि गर्द झाडी एकमेकांत मिसळून जाण्याचा धोका यामुळे टळतो. मात्र मोजमाप चेहऱ्यांवर घ्यावे लागते, लेन्सला हूड (बाजूचे ऊन अडवणारी कड) हवे, आणि आकाश शक्यतो चौकटीबाहेर ठेवावे लागते. सूर्य तासाला १५ अंश सरकतो, त्यामुळे सकाळी पाहून ठेवलेली सावली संध्याकाळी तिथे नसते. जागा पाहायला मी नेहमी ज्या वेळी काम आहे त्याच वेळी, आधीच्या एखाद्या दिवशी जातो.

प्रकाशाच्या बाबतीत एक गोष्ट विशेष जपण्यासारखी आहे, ती म्हणजे पानांमधून दिसणारे आकाशाचे कवडसे. डोळ्यांना ते जाणवत नाहीत, कारण आपण चेहऱ्यांकडे पाहत असतो. छायाचित्रात मात्र त्यांचे पांढरे ठिपके होतात आणि ॲपर्चर जितके उघडे तितके ते मोठे, गोल आणि ठसठशीत होतात. कुणाला ते आवडतात, आणि संध्याकाळच्या सोनेरी प्रकाशात, चेहऱ्यांपासून दूर असले तर मलाही चालतात. पण दुपारच्या आकाशाचे पांढरे गोळे सहा चेहऱ्यांच्या भोवती पसरले तर सातवा, आठवा चेहरा असल्यासारखे ते नजर मागत राहतात. उपाय सोपा आहे. मी कॅमेरा थोडा वर नेतो, म्हणजे मागे पानांच्या शेंड्यांऐवजी खोडांचा आणि जमिनीलगतच्या झुडपांचा भाग येतो.

हे सारे तपासण्यासाठी डोळे बारीक करून पाहण्याची जुनी सवय अजूनही उपयोगी पडते: तपशील नाहीसा होतो आणि फक्त उजळ-काळोखे डाग उरतात. कॅमेऱ्यात आणखी खात्रीचा उपाय आहे. फाइल रॉ (कॅमेऱ्याने टिपलेली कच्ची माहिती जशीच्या तशी ठेवणारी) ठेवून चित्रशैली कृष्णधवल करा. पडद्यावर कृष्णधवल दिसेल, रॉ फाइलमध्ये रंग जसेच्या तसे राहतील. चेहऱ्यांपेक्षा उजळ काय आहे, हे एका नजरेत कळते. त्यानंतर एक छायाचित्र रंगीत करून पाहा. जे लाल, पिवळे किंवा निळे आधी लपले होते ते आता दिसेल. तुमची लाल घसरगुंडी कृष्णधवलमध्ये कदाचित निरुपद्रवी करडी दिसली असती, म्हणून दोन्ही तपासण्या हव्यात.

प्रकाश जमला की मी जागेकडे वळतो. कुणाच्या डोक्यातून उगवलेला दिव्याचा खांब हटवायला किती हलावे लागते, याचाही हिशेब आहे आणि तो वर सांगितला तोच आहे. कुटुंब ६ मीटरवर आणि खांब त्यांच्या मागे १८ मीटरवर असेल, तर तुम्ही डावीकडे अर्धा मीटर सरकलात की खांब कुटुंबाच्या तुलनेत डावीकडेच सुमारे ३७ सेंटिमीटर सरकतो. माणसाच्या चेहऱ्याची रुंदी १५-१६ सेंटिमीटर धरली, तर खांब डोक्यातून निघून दोन माणसांच्या मधल्या फटीत किंवा एखाद्या उंच माणसाच्या पूर्ण आड जातो. मी त्याला आडच घालतो. फटीत उभा राहिलेला खांब सातव्या माणसासारखा दिसतो. खांब फक्त एक मीटर मागे असेल तर तेवढेच सरकून तो जेमतेम ७ सेंटिमीटर हलतो. तेव्हा तुम्ही कितीही धडपड केली तरी उपयोग नाही, कुटुंबालाच पुढे बोलवावे लागते. कुटुंबाला खांबापासून पाच-सहा पावले पुढे आणले की मग तुमच्या पावलांना पुन्हा परिणाम येतो. कुंपण, भिंत, झुडूप यांना चिकटून उभे राहण्याची लोकांची ओढ मोठी असते. ‘थोडे पुढे या’ हे वाक्य मी दिवसातून सर्वांत जास्त वेळा उच्चारत असेन.

उंचीचा विचार बाजूला सरकण्याइतकाच महत्त्वाचा आहे आणि तो फार थोडे जण करतात. सपाट जमिनीवर क्षितिजाची रेघ प्रत्येक माणसाला कॅमेऱ्याच्या उंचीवर कापते, मग माणूस जवळ असो की दूर. म्हणजे तुम्ही उभे राहून, कॅमेरा डोळ्यांना लावून छायाचित्र काढले, तर मैदानाची, पाण्याची किंवा दूरच्या कुंपणाची रेघ तुमच्याच उंचीच्या माणसांच्या डोळ्यांतून जाणार, हे ठरलेले आहे. कॅमेरा छातीच्या उंचीवर आणला की रेघ छातीवर येते आणि सगळी डोकी मोकळी होतात. मात्र त्याच वेळी डोक्यांमागे जास्त आकाश येते, म्हणून पांढऱ्या ढगाळ दिवशी मी हे करत नाही. त्या दिवशी मी उलट करतो: सगळ्यांना गवतावर बसवतो आणि घडीच्या शिडीच्या दोन-तीन पायऱ्या चढून खाली पाहत छायाचित्र घेतो. पार्श्वभूमी म्हणून फक्त गवत उरते. गाड्या, माणसे, घसरगुंडी सगळे चौकटीच्या वरच्या कडेबाहेर राहतात. गर्दीच्या बागेत मला वाचवणारा हाच उपाय आहे आणि त्याला कोणतीही लेन्स चालते. दोन गोष्टी जपा: चेहरे वर वळल्यामुळे डोळ्यांत आकाशाचा उजेड भरतो म्हणून कडक उन्हात हे टाळा, आणि सावलीतल्या गवताची हिरवी झाक हनुवटीखाली उतरते, ती नंतर रंग सुधारताना काढावी लागते.

आता लेन्स आणि ॲपर्चर. यांचा क्रम माझ्याकडे शेवटचा असला, तरी त्यांना कमी लेखण्याचा हेतू नाही. लांब फोकल लेन्थचा खरा फायदा धूसरपणात कमी आणि मागचा भाग अरुंद होण्यात जास्त आहे. तुमची ४ मीटरवरून ५० मिलिमीटरने घेतलेली चौकट १८ मीटर मागे सुमारे १६ मीटर रुंदीचा पट्टा दाखवते. ७ मीटरवरून ८५ मिलिमीटरने घेतली तर तो पट्टा साडेदहा मीटरचा होतो. कुटुंब तेवढेच दिसते, पण मागची एक तृतीयांश रुंदी बाहेर पडते. सोळा मीटरमध्ये स्वच्छ झाडी शोधणे कठीण असते, साडेदहामध्ये बऱ्याचदा सापडते. त्यासाठी एफ १.४ लागत नाही. ८५ मिलिमीटरपर्यंत जाणारी कोणतीही साधी झूम लेन्स हे काम करते. तुम्हाला मागे जायला जागा असली पाहिजे आणि सात मीटरवरून मुलांशी बोलताना आवाज चढवावा लागतो, ही त्याची किंमत. सात मीटरच्या पलीकडे गेलो की लहान मुलांचा माझ्याशी असलेला धागा तुटतो, असे मला वाटते, म्हणून २०० मिलिमीटर मी कुटुंबासाठी क्वचितच वापरतो.

ॲपर्चरचा निर्णय पार्श्वभूमीवर सोपवू नका, तो ओळींच्या संख्येवर घ्या. तुमच्या छायाचित्रात काय झाले ते पाहा: ५० मिलिमीटर, एफ १.८, ४ मीटर, या मापाला फोकसमध्ये साधारण ७० सेंटिमीटर खोली मिळते, त्यातली ३२ पुढे आणि ३८ मागे. तुम्ही पुढे बसलेल्या मुलावर फोकस केला, त्यामुळे पुढची ३२ सेंटिमीटर वाया गेली आणि दोन फूट मागे उभे असलेले आजोबा हद्दीबाहेर राहिले. शिवाय ही मापे मध्यम आकाराच्या छपाईसाठी धरतात. मोठ्या पडद्यावर तपासताना ती आणखी आखूड वाटतात. दोन ओळींसाठी मी एफ ४ किंवा एफ ५.६ वर जातो आणि फोकस पहिल्या ओळीतल्या, पण त्यातल्या त्यात मागे असलेल्या चेहऱ्यावर ठेवतो. चौकट तीच आणि एफ-क्रमांक तोच असेल, तर ५० असो वा ८५, फोकसमधील खोली जवळजवळ सारखीच मिळते. या मापाला एफ ४ वर ती दोन्हींत सुमारे १.६ मीटर आहे. लांबचा मागचा भाग मात्र ८५ ने अधिक विरघळतो, १० ऐवजी १५ मिलिमीटर.

तुमचा कॅमेरा आरशाचा डीएसएलआर असेल तर एक सावधगिरी घ्या. त्याच्या व्ह्यूफाइंडरमध्ये लेन्स नेहमी पूर्ण उघडी असतानाचे दृश्य दिसते. तिथे छान मऊ वाटलेली झाडी एफ ५.६ च्या छायाचित्रात फांदी-फांदीसह उमटते. फोकसची खोली दाखवणारे बटण असेल तर दाबून पाहा, नाहीतर एक चाचणी छायाचित्र काढून चौकटीच्या चारही कडा एकदा फिरून पाहा. कडेला अर्धे कापलेले बाकडे किंवा कुणाची सायकल असते ती तिथेच सापडते.

थोडक्यात माझा क्रम असा: आधी उजेड-काळोखाची बाजू ठरवायची, मग कुटुंबाला मागच्या वस्तूंपासून दूर आणायचे, मग स्वतः आडवे आणि उभे हलून रेघा आणि रंग आड घालायचे, मग शक्य तेवढी लांब लेन्स लावायची आणि सगळ्यांत शेवटी, ओळी मोजून, ॲपर्चर ठरवायचे. तुमचा क्रम याच्या नेमका उलट झाला होता.

ये-जा करणारी माणसे हा वेगळा प्रकार आहे, कारण ती हलतात आणि त्याचाच फायदा घेता येतो. कॅमेरा तिपाईवर पक्का ठेवून, एक्सपोजर आणि फोकस हाताने ठरवून, कुटुंब स्थिर असताना आठ-दहा छायाचित्रे काढा आणि शेवटी कुटुंब बाजूला झाल्यावर त्याच चौकटीची दोन-तीन रिकामी छायाचित्रेही घ्या. जाणारा माणूस प्रत्येक छायाचित्रात वेगळ्या ठिकाणी असतो, म्हणून एकातला स्वच्छ तुकडा दुसऱ्यावर बसवणे पाच मिनिटांचे काम होते. तिपाई नसेल तर मी वाट पाहतो. लोक बहुधा घोळक्याने येतात आणि दोन घोळक्यांच्या मध्ये अर्धा-एक मिनिट मोकळे मिळते. तेवढ्यासाठी कुटुंबाला आधीपासून हसत ठेवू नका. मोकळे दिसले की मगच त्यांना बोलते करा.

फ्लॅशबद्दल विचारले नाही, तरी अनेक जण तो सुचवतील, म्हणून दोन वाक्ये. फ्लॅशने चेहरे उजळवून मागचा भाग एक स्टॉप उतरवता येतो हे खरे, पण भर उन्हात आयएसओ १०० आणि एफ ४ ला शटर १/१६०० सेकंदाच्या आसपास लागते आणि साधा फ्लॅश १/२०० किंवा १/२५० पर्यंतच जुळतो, त्यामुळे एकतर तीन स्टॉपचा एनडी फिल्टर (प्रकाश कमी करणारी काच) लावा किंवा हाय-स्पीड सिंक (फ्लॅश वेगवान शटरशी जुळवण्याची सोय) वापरून फ्लॅशची बरीच ताकद गमवा. सहा जणांवर सारखा प्रकाश टाकण्यासाठी ती ताकद हवीच असते, म्हणून सावलीची कड शोधणे मला नेहमीच स्वस्त वाटले आहे.

फोनने काढणाऱ्यांना वरचे सगळे लागू आहे, फक्त पोर्ट्रेट मोडवर सहा जणांसाठी विसंबू नये. तो धूसरपणा आकडेमोडीने लावलेला असतो, म्हणून मोकळे केस, चष्म्याची कड आणि कमरेवर ठेवलेल्या हाताच्या आतली त्रिकोणी फट इथे तो चुकतो. दोन किंवा तीन पट झूमची वेगळी लेन्स असेल तर ती निवडून मागे जा.

पार्श्वभूमीतली प्रत्येक ओळखीची वस्तू शत्रू आहे, असे मात्र मी मानत नाही. मूल रोज ज्या घसरगुंडीवर खेळते तीच मागे असेल आणि कुटुंबाला ती आठवण हवी असेल, तर ती अर्धवट धूसर ठेवण्याऐवजी मी एफ ८ वर जाऊन स्पष्ट दाखवतो, चौकटीच्या एका बाजूला पूर्ण बसवतो आणि मुलाला तिच्या पायरीवर बसवतो. छायाचित्राचा भाग करायचा तर नीट करावा, नाहीतर बाहेर काढावा.

राहिले तुमचे काढून झालेले छायाचित्र. आजोबांचा फोकस परत आणता येणार नाही. थोडी शार्पनिंग केल्यास लहान छपाईत ते खपून जाईल, मोठ्या आकारात नाही. घसरगुंडीचे मात्र करता येईल. संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये कुटुंबाला निवडून त्याचा मास्क (निवडलेला भाग) उलटा करा, मागच्या भागाचे एक्सपोजर पाऊण स्टॉपपर्यंत उतरवा आणि हायलाइट्स (सर्वांत उजळ भाग) आणखी खाली आणा. लाल रंगाची सॅच्युरेशन (भडकपणा) फक्त त्या मास्कमध्ये निम्म्यावर आणा आणि रंगछटा किंचित तपकिरीकडे वळवा, म्हणजे ती खोडांच्या रंगात मिसळेल. मास्कची कड केसांपाशी मऊ ठेवा, नाहीतर डोक्यांभोवती उजळ वलय दिसू लागते आणि ते घसरगुंडीपेक्षा वाईट असते. एखादी गाडी कडेला असेल तर सरळ क्रॉप करा. घसरगुंडी पूर्ण पुसण्याच्या मागे लागू नका. ती जर कुणाच्या खांद्यामागून निघत असेल तर पुसलेली जागा कळते.

आणि लेन्सचे म्हणाल तर, पुढच्या वेळी त्याच बागेत, त्याच ५० मिलिमीटरने, एफ ४ वर एकदा काढून पाहा. कुटुंब सावलीच्या कडेला, मागे सावलीतली झाडी, शक्य असेल तर तुम्ही शिडीवर. त्यानंतरही मागचा पट्टा फारच रुंद येतो असे वाटले तर ८५ मिलिमीटरची एफ १.८ घ्या; सहा जणांसाठी एफ १.४ चा तो उरलेला भाग तुम्ही कधी उघडणारच नाही.